डाएट लिहून देणाऱ्याचं शिक्षण विचारायचं की नाही?

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आहेत, म्हणजे आहाराचा सल्ला नक्की कोणाकडून घ्यायचा, समोरच्याने काय शिकलेलं असायला हवं आणि ते आपण ओळखायचं कसं. म्हणून या वेळी वजन, थायरॉइड, केसगळती वगैरे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि हाच विषय घेतलाय. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय पण ते तसंच ठेवलं, कारण त्यात जीवाशी गाठ आहे.

ताई, आम्ही नौपाड्यात राहतो. मिस्टरांना बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे, मागच्या रिपोर्टमध्ये किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन १.९ आलं. आमच्याच सोसायटीत एक बाई डाएट प्लॅन देतात, सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट आहेत, घरात भिंतीवर फ्रेम केलेली चार सर्टिफिकेटं आहेत. त्यांनी यांना तीन महिन्यांचं पॅकेज दिलंय, दिवसातून दोन प्रोटीन शेक, सकाळी नारळपाणी, आणि साधं मीठ बंद करून लो सोडियम मीठ. वजन उतरलं म्हणून हे खूश आहेत पण मला धाकधूक वाटते. त्यांना शिक्षण विचारलं तर राग येईल का? रोज लिफ्टमध्ये भेट होते.

वहिनी, शिक्षणाचं नंतर बघू. आधी एक काम करा, हे वाचून झालं की लगेच मिस्टरांच्या डॉक्टरांना फोन लावा आणि हा सगळा प्लॅन, शेकच्या डब्याच्या मागच्या लेबलच्या फोटोसकट, त्यांना पाठवा. पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. आणि डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत ते मीठ, नारळपाणी आणि शेक बाजूला ठेवा, औषधं मात्र आहेत तशी चालू राहू देत.

का ते सांगते. लो सोडियम मिठात सोडियम कमी केलेलं असतं ते त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घालून, आणि नारळपाण्यातही पोटॅशियम भरपूर असतं. किडनी धडधाकट असेल तर जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, पण क्रिएटिनिन १.९ म्हणजे किडनीचं काम बऱ्यापैकी कमी झालेलं असणार, अशा माणसाच्या रक्तात ते साठू शकतं आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि यात वाईट हे की कधी कधी आधी काहीच जाणवत नाही. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं आणि शुगर-किडनीवाल्या पेशंटना नेमक्या त्याच गोळ्या बऱ्याचदा चालू असतात. प्रोटीनचंही तसंच, डायलिसिस चालू नसलेल्या किडनीच्या पेशंटला प्रोटीन मोजून द्यायचं असतं, वर दोन शेक ओतायचे नसतात. शिवाय खाणं एकदम कमी केलं आणि शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन पूर्वीइतकंच राहिलं तर शुगर खाली घसरू शकते, आणि किडनी थकलेली असेल तर काही गोळ्या शरीरात जास्त वेळ टिकतात त्यामुळे तो धोका आणखी वाढतो. रात्री घाम येणं, हात थरथरणं, चिडचिड, बोलण्यात गोंधळ असं काही झालंय का ते त्यांना नीट विचारा. तसं कधी झालंच तर आधी साखर किंवा ग्लुकोज द्यायचं आणि मग डॉक्टरांना फोन करायचा, आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता सरळ हॉस्पिटल गाठायचं.

आता शेजारच्या बाईंबद्दल. त्यांचा हेतू वाईट असेल असं मला अजिबात वाटत नाही, पण आजारी शरीरात अन्नाचं काय होतं हे शिकायला वर्षं लागतात. आपल्याकडे डाएटिशियन होण्याचा नेहमीचा रस्ता असा आहे की आधी न्यूट्रिशन किंवा होम सायन्समध्ये बीएस्सी, मग डाएटेटिक्समध्ये एमएस्सी किंवा पदव्युत्तर डिप्लोमा, मग हॉस्पिटलमध्ये सहा महिने इंटर्नशिप जिथे रोज वॉर्डात फिरून किडनीचे, लिव्हरचे, ऑपरेशन झालेले, नळीने खाणारे पेशंट बघावे लागतात, आणि त्यानंतर इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा, ती पास झालं की नावापुढे आरडी म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन लावता येतं आणि नंबर मिळतो. ही संस्था १९६३ पासून आहे. आरडी एकदा मिळालं की संपलं असंही नाही, पुढे शिकत राहून ते रिन्यू करावं लागतं. पण एक लक्षात घ्या, ही परीक्षा आजवर ऐच्छिक होती, त्यामुळे हॉस्पिटलमध्ये वर्षानुवर्षं उत्तम काम करणाऱ्या एमएस्सी झालेल्या कितीतरी डाएटिशियनकडे आरडी नाहीये, त्यांना कमी समजायचं कारण नाही. आरडी असलं तर तुमचं तपासायचं काम सोपं होतं, नसेल तर पदवी कुठली, कुठल्या युनिव्हर्सिटीची, इंटर्नशिप कुठे केली आणि काम कुठे केलं एवढं विचारायचं.

न्यूट्रिशनिस्ट या नावाचं मात्र वेगळं आहे. एमएस्सी न्यूट्रिशन केलेले लोकही स्वतःला न्यूट्रिशनिस्ट म्हणवतात आणि वीकेंडचा ऑनलाइन कोर्स केलेलेही, दोघांच्या पाटीवर शब्द एकच. २०२१ साली केंद्र सरकारने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशनचा कायदा केला, त्यात डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोघांनाही घेतलंय, त्यांचं शिक्षण किती तासांचं असावं आणि राज्याच्या रजिस्टरमध्ये नाव कसं नोंदवायचं ते त्यात आहे, पण ही व्यवस्था अजून सगळीकडे नीट बसलेली नाही, त्यामुळे तोपर्यंत चौकशी आपल्यालाच करावी लागणार.

आणि भिंतीवरच्या फ्रेमबद्दल सांगायचं तर, ब्रिटनमधल्या एका डॉक्टरने २००४ साली आपल्या मेलेल्या मांजरीच्या नावाने अमेरिकेतल्या न्यूट्रिशन सल्लागारांच्या एका संघटनेचं सर्टिफाइड सभासदत्व काढलं होतं, ६० डॉलर भरून, आणि सर्टिफिकेट रीतसर आलं. म्हणून सर्टिफिकेट चार आहेत की चौदा ते बघू नका, ते कोणी दिलं, त्यासाठी किती वर्षं शिकावं लागलं आणि पेशंट बघावे लागले की नाही ते बघा.

लिफ्टमधल्या भेटीचं मी समजू शकते हो. पण तुम्ही इतकंच म्हणा, "यांच्या किडनीच्या डॉक्टरांनी विचारलंय की डाएट कोण बघतंय, त्यांना काय सांगू, तुमचं मूळ शिक्षण कशात झालंय, हॉस्पिटलमध्ये काम केलंय का?" यात अपमान कसला? ज्याने शिक्षणात वर्षं घातलीत तो हे आनंदाने सांगतो, मला कोणी विचारलं की मी माझा आरडी नंबर सुद्धा देते आणि वर म्हणते की बघून घ्या. राग आलाच तर त्यातून तुम्हाला जे कळायचं ते कळेल. आणि तो शेक त्या स्वतःच विकतात का, हेही विचारा. सल्ला देणाऱ्याचं पोट डबे खपण्यावर असेल तर तुमच्या मिस्टरांना शेकची गरज नाही हे त्या कधी सांगणार? इथे मी कुठल्याच कंपनीचं नाव घेत नाही कारण हे एका कंपनीपुरतं नाहीये, घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत कुठल्याही मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये सकाळी शेक प्यायला जमणारा एखादा ग्रुप सापडतोच.

चांगला डाएटिशियन पहिल्या भेटीत काय करतो तेही सांगून ठेवते म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. तो आधी रिपोर्ट मागतो, क्रिएटिनिन, ईजीएफआर म्हणजे किडनी किती काम करते तो आकडा, पोटॅशियम, लघवीतलं प्रोटीन, एचबीएवनसी म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी, मग सगळ्या गोळ्यांची नावं आणि वेळा, मग घरात स्वयंपाक कोण करतं, ऑफिसला डबा नेतात का, चतुर्थी-एकादशी करतात का, रात्री जेवायला किती वाजतात, भाकरी आवडते की पोळी. हे सगळं विचारायला पाऊण तास तरी जातो. वजन-उंची विचारून पाच मिनिटांत छापील कागद हातात आला तर तो कागद तुमच्यासाठी लिहिलेला नाही, कोणासाठीच लिहिलेला नाही.

हाय मॅम, मी २६ वर्षांचा आहे, ऐरोलीला आयटीत आहे. जिममधले ट्रेनर सर डाएट देतात, ते सर्टिफाइड आहेत. रोज दोन स्कूप व्हे म्हणजे दुधापासूनची प्रोटीन पावडर, सहा अंडी, चिकन. पावडर त्यांच्याकडूनच घेतो, स्वस्त पडते. हल्ली बॉडी चेकअपमध्ये युरिक ॲसिड ८.१ आलंय, सर म्हणतात पाणी जास्त पी, होईल नॉर्मल. ऐकू का?

नाही, यात त्यांचं ऐकू नकोस, डॉक्टरला दाखव. सरांचं सर्टिफिकेट खरं असेलही, आणि स्क्वॉट कसा मारायचा, खांदा कसा सांभाळायचा यात त्यांचं जरूर ऐक, ते त्यांचं काम आहे आणि ते सोपं नाहीये. निरोगी मुलाला "बाहेरचं कमी खा, डाळ अंडी वाढव" एवढं सांगायलाही काही हरकत नाही. पण रिपोर्टमध्ये काही वर-खाली आलं की तिथे त्यांची हद्द संपते. चांगला ट्रेनर स्वतःहून म्हणतो की हे माझं नाही, डॉक्टरला किंवा डाएटिशियनला विचार.

आता प्रोटीनचं गणित तूच करून बघ. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेलं प्रमाण आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला साधारण ५८ ग्रॅम. मनापासून वेट ट्रेनिंग करणाऱ्याला यापेक्षा जास्त लागतं हे मान्य, पण एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, अर्धा लिटर दुधात सोळाएक, वर डाळ, चिकन, चणे, हे मोजलंस तर ताटातूनच किती मिळतं ते कळेल आणि मग स्कूप लागतो का, किती लागतो हे ठरव. याच संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, एकूण १७ आहेत, त्यात बॉडी बनवायला प्रोटीन सप्लिमेंट घेऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. वाच जरूर, नेटवर फुकट आहेत.

आणि पावडर "स्वस्त पडते" हे वाचून जरा काळजी वाटली. डबा सीलबंद असतो का, बिल मिळतं का? डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर असतो तो बघायचाच, पण त्याचा अर्थ कंपनीकडे खाद्यपदार्थाच्या धंद्याचं लायसन्स आहे इतकाच, ही पावडर तुला मानवेल किंवा तुला तिची गरज आहे असा नाही. साध्या पिशवीत बांधून दिलेलं, लेबल नसलेलं काहीही तोंडात टाकू नकोस.

माझी मुलगी यंदा बारावीला आहे, आम्ही खारघरला राहतो. तिला डाएटिशियन व्हायचंय. ओळखीतले म्हणतात पाच वर्षं कशाला घालवता, तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून इन्स्टावर पेज काढलं की क्लायंट मिळतात. काय करावं?

पाच वर्षं घालवू द्या हो तिला! मला हे पत्र वाचून खरंच आनंद झाला, मुलीला आवड आहे तर तिला नीट शिकू दे. मुंबईत एसएनडीटीचं होम सायन्स कॉलेज आहे, चर्चगेटजवळ निर्मला निकेतन आहे, दोन्हीकडे न्यूट्रिशन शिकवण्याची जुनी परंपरा आहे, खारघरहून लोकलचा प्रवास थकवतो पण हार्बर लाइनवरच्या मुली हे करत आल्यात. आधी त्या कॉलेजांमध्ये स्वतः जाऊन या, अभ्यासक्रम, फी, इंटर्नशिप कुठे मिळते हे विचारा. बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी ऐकून घाबरली तर तिला सांगा की पुढे पेशंटचा रिपोर्ट वाचताना हेच विषय कामाला येतात.

ऑनलाइनबद्दल एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्स, फूड अँड न्यूट्रिशन सायन्स यांसारख्या, वर सांगितलेल्या २०२१ च्या कायद्याखाली येणाऱ्या विषयांमध्ये दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या बंद करायला सांगितल्यात. म्हणजे कोणी तुम्हाला या विषयात "घरबसल्या पदवी" विकत असेल तर पैसे भरू नका. छोटे ऑनलाइन कोर्स चालूच आहेत, स्वतःच्या माहितीसाठी केले तर वाईट नाहीत, पण त्यावर पेशंट बघायचे नाहीत. इन्स्टावर क्लायंट मिळतात हे खरंय, पण त्यातला एखादा क्लायंट वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल आणि हिने त्याला अचानक रोज वाटीभर पालेभाजी सुरू करायला सांगितली तर पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के मुळे त्या गोळीचा परिणाम कमी होतो, हे तीन महिन्यांत कोण शिकवणार तिला?

आमच्या वर्तकनगरच्या बीएएमएस डॉक्टरीणबाई डाएट सांगतात, चालेल का? की डाएटिशियनच हवी?

बीएएमएस डॉक्टर या रीतसर शिकलेल्या, कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या डॉक्टर आहेत आणि आयुर्वेदात आहाराला मोठं स्थान आहे, त्यामुळे रोजच्या खाण्यापिण्याचं जरूर विचारा. डायबेटिस, किडनी, लिव्हर, गरोदरपणातली शुगर, कॅन्सरचे उपचार असं काही असेल तर मात्र डाएटिशियनही सोबत हवी आणि दोघींना एकमेकींनी काय सांगितलंय ते माहीत हवं. एमबीबीएस-एमडी डॉक्टरांनाही हेच लागू आहे बरं का, त्यांच्या अभ्यासक्रमात पोषणाला मिळणारा वेळ थोडाच असतो, म्हणून तर चांगले फिजिशियन स्वतःहून डाएटिशियनकडे पाठवतात.

मी कळव्यात राहते, घरकाम करते. डाएटिशियनची फी आम्हाला परवडत नाही. मला शुगर निघाली आहे. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

ताई, मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या हॉस्पिटलांमध्ये आहारतज्ज्ञ असतात, तुमच्या जवळ कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आहे. शुगरसाठी ओपीडीत जाल तेव्हा डॉक्टरांना सरळ म्हणा, "मला आहाराचं समजावून सांगणारं कोणी आहे का, चिठ्ठी द्या." आपण विचारलं नाही तर गर्दीत ते राहून जातं. जाताना तुमचा एका दिवसाचा डबा आणि चहा किती वेळा, त्यात साखर किती, कामाच्या घरी मिळालेलं काय खाता हे सगळं सांगा, लाजू नका. महागडे ओट्स-किनोआ काही लागत नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, काकडी हे तुम्हाला माहीत असलेलंच जेवण आहे, फक्त भाकरी-भात किती आणि केव्हा ते तुमच्या गोळीप्रमाणे कोणीतरी नीट बसून ठरवून द्यायला हवं.

वाशी, सेक्टर १७. वय ६३. मोबाइलवर एका "डॉक्टर"चे व्हिडिओ बघून डायबेटिस मुळापासून घालवण्याच्या प्रोग्रामला १५ हजार भरले. तीन आठवड्यांनी गोळ्या बंद करा म्हणाले. मुलगा ओरडला म्हणून बंद केल्या नाहीत. आता पैसे परत मागतोय तर फोन उचलत नाहीत.

काका, मुलगा बरोबर ओरडला. काही लोकांची शुगर, विशेषतः आजार नवा असताना आणि चांगलं वजन उतरल्यावर, गोळ्यांशिवाय नॉर्मल राहते हे खरं आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रिपोर्ट बघत, गोळी हळूहळू कमी करत होतं. फोनवरून "तीन आठवड्यांनी बंद" असं कोणी जबाबदार माणूस सांगत नाही.

तो माणूस डॉक्टर आहे का हे तुम्हाला घरबसल्या बघता येईल, ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नावं नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाइटवरच्या रजिस्टरमध्ये शोधता येतात, मुलाला सांगा. पीएचडी केलेलेही नावाआधी डॉक्टर लावतात आणि न्यूट्रिशनमधली खरी पीएचडी ही मोठी गोष्ट आहे, पण पीएचडीवाल्याला तुमची गोळी बंद करण्याचा अधिकार नसतो. डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांबद्दलच्या कायद्याने बंदी आहे, त्या यादीत लठ्ठपणाही आहे. शिवाय ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने नियम काढलेत की आरोग्याबद्दल दावे करणाऱ्या इन्फ्लुएन्सरने आपलं शिक्षण उघड सांगायचं, आणि तज्ज्ञ नसेल तर माझा सल्ला डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी घेऊ नका असं स्पष्ट सांगायचं.

पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, नंबर १९१५. त्याआधी पेमेंटची पावती, "गोळ्या बंद करा" हा मेसेज, आणि त्या व्हिडिओंचे स्क्रीनशॉट एका जागी ठेवा, कारण तक्रार झाली की असे व्हिडिओ उडवले जातात. चॅट डिलीट करू नका. आणि या आठवड्यात उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर तपासून तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, त्या प्रोग्राममध्ये काय काय खायला सांगितलं होतं तो कागदही बरोबर न्या.